तापाचा पहिला दिवस लिहून ठेवा

रक्ताच्या नमुन्याबरोबर जो कागद प्रयोगशाळेत येतो, त्यावर एक चौकोन असतो : ‘लक्षणं सुरू झाल्याची तारीख’. विषाणूंच्या तपासण्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्या वर्षांत हा चौकोन मी बहुतेक वेळा कोराच पाहिला. नाहीतर त्यात ‘३-४ दिवस’ असं मोघम काहीतरी. खिडकीशी उभ्या असलेल्या नातेवाइकाला विचारावं तर तो म्हणे, “झाले असतील मॅडम चारेक दिवस. थांबा, रविवारी हळदीला गेलो होतो तेव्हा अंग दुखतंय म्हणत होता. म्हणजे...” मग बोटांवर मोजणी सुरू. चाराचे सात दिवस निघायचे. आणि मागवलेली तपासणी असायची पहिल्या पाच दिवसांतच नीट चालणारी.

वर्तमानपत्रांत हल्ली ‘नवा व्हेरियंट’, ‘जनुकीय बदल’, ‘सिक्वेन्सिंग’ असे शब्द रोज येतात. ते वाचून लोक मला विचारतात, “आमच्या बाळाचा व्हायरस कोणता व्हेरियंट आहे ते कळेल का?” क्वचित कळतं, आणि कळल्याने उपचार बदलतो असं त्याहून क्वचित होतं. पण ज्या थोड्या ठिकाणी बदलतो, ती ठिकाणं घरच्या माणसांना माहीत असायला हवीत.

आधी विषाणूंतले असे बदल वाचणारं शास्त्र काय करतं ते पाहू. जुन्या पोथ्या हाताने उतरवल्या जात. लेखनिकाच्या हातून एखादी मात्रा सुटे, एखादा शब्द बदले आणि पुढे त्या प्रतीवरून ज्या प्रती निघत, त्या सगळ्यांत तीच चूक उतरे. अभ्यासक असे पाठभेद ताडून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून आली हे सांगतात. विषाणूही स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या पुढच्या पिढ्यांत उतरतात. रुग्णांकडून घेतलेल्या विषाणूंचे जनुकीय पाठभेद ताडून साथ कुठून आली, कोणत्या वाटेने पसरली, लस तिला अजून ओळखते का, हे शोधणं म्हणजे रेण्वीय साथरोगशास्त्र. नाव जड आहे, पण काम पोथ्या ताडण्याचंच.

या कामाचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे चिकुनगुनिया. भारतात तो १९६३ साली कोलकात्यात पहिल्यांदा ओळखला गेला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली आणि मग बत्तीस वर्षं तो जणू देशातून नाहीसाच झाला. २००५च्या अखेरीस तो परतला तो असा, की २००६ या एका वर्षात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. गावंच्या गावं वाकून चालत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जुने जपून ठेवलेले नमुने आणि नवे नमुने शेजारी ठेवून ताडले तेव्हा दिसलं, की बार्शीचा विषाणू आशियाई घराण्यातला होता आणि हा नवा आफ्रिकी घराण्यातला. गंमत पुढेच आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतमध्ये २००० साली डासांतून मिळालेला एक विषाणू संस्थेच्या संग्रहात होता. तो ताडला, तर तोही आफ्रिकी घराण्यातलाच निघाला. म्हणजे पाहुणा साथ येण्याच्या पाच वर्षं आधीच येऊन बसला होता. बाटलीवर ‘यवत, २०००’ असं कोणीतरी नीट लिहून ठेवलं होतं म्हणून हे कळलं.

चिकुनगुनियाबद्दल घरी लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. विषाणू स्वतः सापडतो तो आरटी-पीसीआरमध्ये, साधारण पहिल्या आठवड्यात. त्यानंतर रक्तात आयजीएम नावाची प्रतिपिंडं येतात आणि ती पुढे काही महिने रेंगाळतात. त्यामुळे आषाढात चिकुनगुनिया होऊन गेलेल्या माणसाला दिवाळीत ताप आला आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं, तर आजचा ताप चिकुनगुनियाचाच असं ठरत नाही. मोठ्यांना सांध्यांचा त्रास महिनोन्‌महिने पुरतो. लहान मुलांत सांध्यांपेक्षा अंगावरचं पुरळ जास्त दिसतं. नाकाचा शेंडा काळवंडला तर घाबरू नका, तो डाग हळूहळू जातो. मात्र गरोदर बाईला बाळंतपणाच्या तोंडावर असा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. प्रसूतीच्या वेळी तो बाळाला होऊ शकतो आणि नवजात बाळात तो अवघड वळण घेतो.

चिकुनगुनिया पसरवणाऱ्या डासाचाच दुसरा धंदा म्हणजे डेंग्यू. तिथे तारखेचा चौकोन कोरा ठेवणं महागात पडतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं, पण बाकीच्या तिघांपासून मिळतं ते काही महिन्यांपुरतं. पुढे दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला, तर आधीची प्रतिपिंडं त्याला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदतच करतात आणि आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. शहरात यंदा कोणता प्रकार जास्त फिरतोय यावर प्रयोगशाळा डोळा ठेवतात, कारण प्रकार बदलला की दुसऱ्यांदा होणाऱ्यांची संख्या वाढते. तुमच्या हाती काय आहे? आधी कधी डेंग्यू झाला होता का आणि कोणत्या साली, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगणं. जुना रिपोर्ट असेल तर फाइलमध्ये ठेवा, रद्दीत देऊ नका.

सहा ते नऊ महिन्यांची बाळं इथे अपवाद ठरतात. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात आलेली असतात. ती ओसरत आली, की पहिलाच डेंग्यू त्यांना दुसऱ्यासारखा झोंबू शकतो. म्हणून तान्ह्या बाळाच्या बाबतीत ‘पहिलाच तर आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये.

तपासणीचं गणित सोपं आहे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी किंवा पीसीआर. पाचव्या दिवसानंतर आयजीएम. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांत एनएस-१ लवकर मावळतं, त्यामुळे ते निगेटिव्ह आलं म्हणजे डेंग्यू नाही असा अर्थ काढू नका. शक्य असेल तिथे पट्टीवरच्या झटपट चाचणीपेक्षा एलायझा पद्धतीच्या चाचणीवर भर द्या. सरकारी केंद्रांमध्ये ती विनामूल्य होते. आणि प्लेटलेटच्या आकड्याकडे टक लावून बसण्यापेक्षा माणसाकडे पाहा. ताप उतरतो, घरचे हुश्श करतात, नेमका तोच धोक्याचा काळ असतो. तेव्हा पोटात जोराने दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, मूल गळून जाणं किंवा उगाच चिडचिडं होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पपईच्या पानांचा रस गाळत बसू नका, रुग्णालय गाठा. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या आजोबांनी मात्र गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

त्याच डासाकडून येणाऱ्या झिकाचं थोडक्यात. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४च्या पावसाळ्यात पुणे शहरातही बरेच रुग्ण निघाले. झिकाची प्रतिपिंडं डेंग्यूच्या चाचणीतही गोंधळ घालतात, म्हणून इथे पीसीआरच विश्वासाचा. रक्तातून विषाणू गेला तरी लघवीत तो काही दिवस जास्त सापडतो. त्यामुळे गरोदर बाईचा नमुना पाठवताना रक्तासोबत लघवीही पाठवावी.

आता गोवर. माझ्या मते विषाणूचं घराणं ओळखण्याचा सर्वात प्रत्यक्ष उपयोग सामान्य घराला होतो तो इथे.

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवर उसळला. अशा वेळी आरोग्य सेविका दारोदार जाऊन राहिलेल्या मुलांना लस देतात. लस दिल्यावर साधारण सात ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ उठतं. हे लसीचंच काम आणि ते आपोआप ओसरतं. पण वस्तीत खरा गोवरही फिरत असेल, तर आई विचारते, “लस देऊनही गोवर झाला ना?” तिचं काही चूक नाही. लागण झाल्यापासून पुरळ यायला खऱ्या गोवराला सुमारे दोन आठवडे लागतात. लस घेण्याच्या आदल्या दिवशी लागण झाली असेल तर तारखाही जुळतात. आयजीएम चाचणी दोन्हींत पॉझिटिव्ह येते, तिला फरक कळत नाही. फरक सांगतो तो विषाणूचा पाठभेद. जगभरची गोवराची लस ए या घराण्याची आहे. आज साथीत फिरणारा गोवर बहुतेक डी८ किंवा बी३ घराण्यातला. घशातून घेतलेल्या नमुन्यातल्या विषाणूच्या एका जनुकातली फक्त ४५० अक्षरं वाचली की निकाल लागतो. अमेरिकेत २०१५ साली गोवराच्या ज्या १९४ विषाणूंचा क्रम वाचला गेला, त्यांतले ७३ लसीचे निघाले. तपासलं नसतं तर ती मुलं साथीच्या हिशेबात गेली असती, घरात कोंडली गेली असती आणि लसीला फुकटची बदनामी चिकटली असती.

म्हणून लसीनंतर पुरळ आलं तर दोन तारखा सांगा : लस कधी दिली आणि पुरळ कोणत्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. घशाचा नमुना पुरळ आल्यापासून पाच-सात दिवसांत घेतला तर विषाणू मिळण्याची शक्यता चांगली. रक्त मात्र फार घाईने काढलं, पहिल्या तीन दिवसांत, तर आयजीएम अजून तयार झालेलं नसू शकतं आणि खरा गोवर निगेटिव्ह येतो. तसं झालं तर चौथ्या दिवसानंतर पुन्हा रक्त द्यायला कुरकुर करू नका. लसीच्या पुरळापासून शेजारच्या मुलाला गोवर झाल्याची खात्रीशीर नोंद नाही. खरा गोवर मात्र एकाच खोलीत काही वेळ घालवला तरी लागतो. निकाल येईपर्यंत मूल घरातच, इतर मुलांपासून लांब.

घराणी इतकी असूनही गोवराच्या बाहेरच्या कवचात फारसा फरक पडत नाही. १९५४ साली मिळवलेल्या विषाणूपासून वाढवलेली लस आजच्या डी८लाही तितकीच रोखते. ‘नवा स्ट्रेन आलाय, जुनी लस काय कामाची’ ही शंका फ्लूच्या बाबतीत रास्त आहे, गोवराच्या बाबतीत नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. साथ असलेल्या भागात सहा महिन्यांच्या बाळालाही एक जादा डोस दिला जातो, पण तो हिशेबात धरायचा नाही. पुढचे दोन्ही डोस द्यायचेच. गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळाले का ते विचारा. ‘औषध दिलं तर गोवर आत जिरतो’ ही आजीची भीती मला अजूनही ऐकू येते. आजीला प्रेमाने बाजूला बसवा आणि मुलाला डॉक्टरकडे न्या.

या शास्त्राची एक मर्यादाही सांगायला हवी. गोवराच्या पाठभेदांवरून साथ एका घराण्याची आहे हे कळतं, पण अमुकाच्या मुलाने तमुकाच्या मुलाला दिला हे सिद्ध होत नाही, कारण हा विषाणू बदलतो फार सावकाश. साथीत कोणत्या वस्तीने, कोणत्या राज्यातून आलेल्या मजुरांनी आजार ‘आणला’ अशी कुजबुज सुरू झाली, की सिक्वेन्सिंगचा दाखला देणारे विद्वानही भेटतात. त्यांना शांतपणे विचारावं, तुमच्याकडे रिपोर्ट आहे का.

नाव आणि विषाणू यांची फारकत कशी होते पाहायची तर ‘टोमॅटो फ्लू’ आठवा. २०२२ साली केरळात लहान मुलांच्या हातापायांवर लाल फोड आले आणि हे नाव देशभर झालं. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या फोडांतला विषाणू वाचला गेला, तेव्हा तो निघाला कॉक्सॅकी ए-१६. म्हणजे बालवाड्यांमध्ये दरवर्षी येणारा, हात-पाय-तोंडाला फोड आणणारा जुनाच आजार. टोमॅटोचा किंवा फ्लूचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. याच कुळातला कॉक्सॅकी ए-६ थोडा निराळा वागतो. तो मोठ्या माणसांनाही गाठतो, फोड कोपर-मांड्यांपर्यंत पसरतात, आणि आजार विसरून महिना-दीड महिना झाल्यावर मुलाची नखं मुळापासून सुटू लागतात. आया कॅल्शियमच्या बाटल्या घेऊन येतात. गरज नसते. खाली नवं नख येत असतं.

फ्लूचा विषाणू पाठ सतत बदलत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीतले विषाणू निवडते. आपण नकाशावर उत्तरेला, पण महाराष्ट्रातला फ्लू जोर धरतो तो पावसाळ्यात, आणि एक छोटी लाट जानेवारी ते मार्च. तेव्हा लस घ्यायची तर पाऊस सुरू होण्याआधी, मे-जूनमध्ये, आणि त्या वेळी बाजारात असलेली सर्वात ताजी. खोक्यावरचं साल वाचा. मागच्या वर्षीची उरलेली लस घेऊ नका. चार घटकांची लस संपली आणि तीन घटकांचीच आहे असं दुकानदाराने सांगितलं तर हिरमुसू नका. बी-यामागाता हे फ्लूचं घराणं मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेलं नाही, त्यामुळे चौथ्या घटकाची गरजच राहिलेली नाही. सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ही लस देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. एकावर थांबलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

२००९चा स्वाइन फ्लू पुणेकर विसरलेले नाहीत. देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्टला, एका शाळकरी मुलीचा झाला. त्या साथीत साठीपुढच्या लोकांना लागण तुलनेने कमी झाली, कारण १९५७ पूर्वी फिरणाऱ्या, त्याच्याशी मिळत्याजुळत्या एच१एन१च्या आठवणी त्यांच्या शरीरात शिल्लक होत्या. २००९चाच विषाणू आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग झाला आहे. उलट एच३एन२चं वर्ष असलं की म्हातारी माणसं जास्त आजारी पडतात. साध्या सर्दी-तापाला फ्लूची पीसीआर चाचणी लागत नाही. पण गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही, पाच वर्षांखालचं मूल किंवा म्हातारं माणूस यांना जोराचा ताप-खोकला असेल, तर ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं बरं. डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता गोळी देत असतील तर ते योग्यच करतात. इथेही तापाचा पहिला दिवस माहीत असला तरच ४८ तास मोजता येतात.

हल्ली खासगी प्रयोगशाळा वीस-बावीस विषाणूंची एकत्रित चाचणी काही हजार रुपयांत करून देतात. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी ती कामाची आहे. घरात खेळणाऱ्या, दूध पिणाऱ्या मुलासाठी ती करून काय मिळतं? नाकात तीन विषाणूंची नावं निघतात, त्यांतला एखादा मागच्या महिन्यातल्या सर्दीचा अवशेष असतो, आणि घरचे रात्रभर मोबाइल चाळत बसतात. आणि नाव नवं वाटलं तरी विषाणू जुनाच असू शकतो. जानेवारी २०२५मध्ये ‘चीनचा नवा विषाणू’ म्हणून ज्या एचएमपीव्हीने झोप उडवली, तो २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता. तिथल्या १९५८च्या जपून ठेवलेल्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या होत्या. आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांना तो शाळेत जायच्या आधीच होऊन गेलेला असतो.

कोविडच्या रिपोर्टवरचा ‘सीटी व्हॅल्यू’ अजूनही लोक परीक्षेच्या गुणांसारखा एकमेकांना सांगतात. यंत्राने किती फेऱ्यांनंतर विषाणू ओळखला, एवढाच तो आकडा. नाकात काडी नीट फिरवली नाही तरी तो वाढतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. सिक्वेन्सिंगला मात्र कमी सीटीचे, म्हणजे भरपूर विषाणू असलेले नमुनेच घेतात. तो निकाल साथीवर नजर ठेवणाऱ्यांसाठी असतो आणि यायला अनेकदा इतके दिवस लागतात, की तोवर तुम्ही बरे होऊन कामाला लागलेले असता. आपला व्हेरियंट शोधत फिरू नका. पण नमुना त्यासाठी मागितला तर द्या, आणि नाकाला काडी लागल्यावर डोकं मागे ओढू नका.

शेवटी त्या कागदाबद्दल. प्रयोगशाळेत जाण्याआधी घरीच एका चिठ्ठीवर लिहा : ताप कोणत्या दिवशी आणि साधारण किती वाजता आला, पुरळ असेल तर ते कधी दिसलं, मागच्या महिन्याभरात कोणती लस घेतली, मागच्या दोन आठवड्यांत कोणत्या गावी गेलात, घरात आणखी कोण आजारी आहे, आधी डेंग्यू किंवा चिकुनगुनिया कोणत्या साली झाला होता, बाई गरोदर असेल तर कितवा महिना. मुलाचं लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा, नसेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. खासगी दवाखान्यात परवडत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांची चौकशी करा. नमुना तुमच्याच हाती दिला तर डबी बर्फाच्या डब्यात उभी ठेवून त्याच दिवशी पोचवा. दुचाकीच्या डिकीत, उन्हात, तासन्‌तास नको. डिकीतून आलेल्या कोमट डबीत विषाणू सापडत नाही आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ एवढंच छापून येतं.